मनी प्लांट: कुठला, आणि कुठवर पोहोचला

मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, असं आपल्याकडे अगदी खात्रीने सांगतात. चोरीचा यात काहीच संबंध नाही. या वेलाच्या पेरापेरावर मुळं फुटायच्या तयारीत असतात. पेर असलेला एवढासा तुकडा बाटलीतल्या पाण्यातही रुजतो, मग तो मागून आणलेला असो की विकतचा.

घरोघरी दिसतो म्हणून पुष्कळांना तो इथलाच वाटतो. तो मूळचा पॅसिफिकमधल्या, ताहितीशेजारच्या मोऑरिआ बेटावरचा. १८८० मध्ये युरोपात त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा मात्र तो सॉलोमन बेटांचा म्हणून नोंदला गेला.

‘याला फुलं नाहीत, बी नाही, मग तो पसरणार कसा?’ हा समज सगळ्यात महागात पडतो. तो फुलत नाही हे खरं. जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक त्यात नीट काम करत नाही; २०१६ मध्ये संशोधकांनी तेच संप्रेरक फवारून त्याला फुलवून दाखवलं. पण पसरायला त्याला बी लागतच नाही. छाटणीचा कचरा ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला फेकला, की त्यातूनच नवे वेल उभे राहतात. म्हणजे त्याला रानात नेऊन सोडणारे आपणच. श्रीलंकेत कँडीजवळच्या उडवत्तकेले अभयारण्यात त्याने जंगलाची जमीन झाकून टाकली आहे; अशा दाट पसाऱ्याखाली मूळच्या झाडांची रोपं वर येऊ शकत नाहीत. हवाई आणि फ्लोरिडातही तो उपद्रवी ठरला आहे. आणि रानात तो पटकन ओळखूही येत नाही: मोठ्या झाडावर चढला, की कुंडीत तळहाताएवढं असणारं पान दोन-तीन फुटांचं होतं आणि कडेने चिरत जातं.

‘घरातली हवा शुद्ध करतो’ या दाव्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास आहे. तो बंद पेट्यांमध्ये झाला होता. खऱ्या खोलीत खिडकी उघडण्याने होणारं काम दोन-चार कुंड्यांना जमत नाही. हा वेल निरुपद्रवीही नाही. अळवाच्याच कुळातला असल्याने त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते.

वेल घरात जरूर वाढवावा. छाटलेले तुकडे मात्र उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मगच खतात टाकावेत. ओला तुकडा ओल्या मातीत पडला की तो बहुधा जगतोच.