स्मार्टवॉच घ्यायचं, पण नेमकं कशासाठी?

आजचा विषय वरवर हलकाफुलका आहे, पण त्यात आपला पैसा आहे आणि काही घरांत जिवाचाही प्रश्न आहे. नवीन स्मार्टवॉच घ्यायचं म्हटलं की आपण खोक्यावरची यादी वाचतो. शंभर खेळ, नाडी, झोप, रक्तदाब, फोन, सगळंच त्यात असतं. आम्ही मात्र एकच कसोटी सुचवतो: घड्याळानं दाखवलेला आकडा पाहून आपण उद्या काय वेगळं करणार आहोत? उत्तर नसेल, तर ती सोय आपल्यासाठी नाही.

आधी रोजच्या गोष्टी. आपला फोन कोणता? ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगची अलीकडची गॅलॅक्सी घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. म्हणजे निम्मा निर्णय खिशातल्या फोननंच केलेला असतो. मग बॅटरी. काही घड्याळं रोज चार्जिंगला लावावी लागतात, काही साधी घड्याळं आठवडाभर चालतात. झोप मोजायची असेल आणि घड्याळ रात्री चार्जरवर असेल, तर मोजणार काय?

आता नाडीकडे येऊ. घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश चमकतो, तो आपण पाहिलाच असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणून पट्टा सैल असला, हात जोरात हलत असला किंवा मनगटावर गडद गोंदण असलं, की आकडा चुकू शकतो. स्वस्त असो वा महाग, हे तत्त्व तेच.

काही महाग घड्याळांत ईसीजी असतो. ॲपलनं तो २०१८ साली आणला. पण हा ईसीजी एकाच बाजूनं हृदय पाहतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी पाहतो. घड्याळाचा उपयोग मुख्यतः अनियमित ठोके, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखण्यासाठी आहे. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, आणि माणूस मनगटाकडे बघत म्हणतोय, ‘घड्याळात तर नॉर्मल आहे’, असं होता कामा नये. तेव्हा घड्याळ नाही, १०८ नंबर.

मग अनियमित ठोक्यांच्या इशाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठानं मोठा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४ लाख १९ हजार लोकांपैकी इशारा आला तो जेमतेम अर्ध्या टक्क्याला. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत दोष दिसला. हा दोष येतो-जातो, त्यामुळे उरलेले सगळे इशारे खोटे होते असंही नाही. अर्थ एवढाच: इशारा आला तर घाबरायचं नाही, दुर्लक्षही करायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

रक्तदाबाचं काय? सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, तीसुद्धा दर २८ दिवसांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे दंडाचं यंत्र घरात लागतंच. मग ज्यांना नुसता रक्तदाबच बघायचाय, त्यांनी तेच घ्यावं. साखरेच्या बाबतीत तर जास्त सावध राहा. सुई न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या घड्याळांविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला. त्या चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा; त्याची बारीक तार कातडीखाली जाते, घड्याळ त्याचा आकडा फक्त दाखवतं.

आई-वडील घरी एकटे असतात, त्यांच्यासाठी पडल्यावर फोन लावणारं घड्याळ खरंच कामाचं ठरू शकतं. पण दुकानात दोन गोष्टी विचारा. फोन दुसऱ्या खोलीत राहिला तर कॉल जाईल का? आणि त्यांना रोज ते चार्ज करणं जमेल का? बाथरूमला जाताना काढून ठेवलेलं घड्याळ पडल्याचं कळवणार नाही.

तेव्हा विकत घेण्याआधी आठवडाभर एक करून पाहू. कागदावर रोज लिहू: आज घड्याळ असतं तर कशासाठी पाहिलं असतं? चालणं आणि फोनची सूचना एवढंच निघालं, तर साधं घड्याळ पुरे. आणि चालण्याचा हिशेब तर आपला फोनही ठेवतोच. काहीच निघालं नाही, तर पैसे वाचले, हाही निर्णयच.