कोंबडी बाजारात न्यायच्या आधी

दसरा-दिवाळीच्या आसपास परसातल्या कोंबड्यांची अंडी एकाएकी कमी होतात. खुराड्यात पिसांचा सडा पडतो, तुरा फिका पडून आक्रसतो, मानेची कातडी उघडी दिसू लागते. घरात निदान लगेच होतं: रोग आला, थंडी बाधली, नाहीतर कोंबडी म्हातारी झाली. मग येत्या बाजारच्या दिवशी ती डालग्यात जाते. यातल्या बऱ्याच कोंबड्यांना काहीही झालेलं नसतं. त्या पिसं बदलत असतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा अंड्यावर आल्या असत्या.

पिसं टाकणं हा आजार नव्हे. दीडेक वर्षाची झाली की कोंबडी पहिल्यांदा सगळी पिसं बदलते, पुढे बहुधा दरवर्षी. त्याला क्रम असतो: आधी डोकं नि मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. जवळून पाहिलं तर उघड्या कातडीतून काट्यांसारखे गडद कोंब वर आलेले दिसतात. त्या कोंबांत रक्त खेळत असतं, हात लागला की कोंबडीला दुखतं. या दिवसांत तिला उगाच धरू नये, पोरांनाही धरू देऊ नये.

रोग ओळखायचा तो वेगळ्या खुणांनी. फक्त शेपटीखालची पिसं गेली असतील आणि उरलेल्यांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या चिकटल्या असतील, तर त्या उवांच्या लिखा. फक्त पाठ उघडी पडली असेल तर बहुतेक वेळा कारण कोंबड्याची नखं असतात. आणि कोंबडी मान टाकून बसली, हिरवट हगू लागली, श्वासाला घरघर लागली, तर पिसांचा विचार सोडून पशुवैद्यकाला गाठावं. ती राणीखेत असू शकते.

जी कोंबडी सर्वांत बोडकी दिसते तीच आधी विकली जाते, आणि नेमकं इथेच नुकसान होतं. चांगली अंडी देणारी कोंबडी पिसं उशिरा टाकते आणि भराभर, एकदम टाकते. म्हणून ती ओंगळ दिसते, पण लवकर सावरतेही. कमी अंडी देणारी लवकर सुरुवात करते, एकेक पीस टाकत महिनोन् महिने घालवते आणि तेवढे दिवस देखणी राहते.

या काळात अंडी का थांबतात, याचं एक मोठं कारण खुराकात आहे. पिसाचा 85 टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. अख्खा पिसारा नव्याने उभा करायचा आणि रोज अंडंही द्यायचं, एवढी प्रथिनं तिच्या पोटात जात नाहीत. ‘मका घाला, अंगात ऊब येईल’ असं सांगितलं जातं. पण मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के, तांदळाच्या कणीतही तेवढीच. पिसं येताना खाद्यात 18 ते 20 टक्के हवीत. ती सुकट, सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड यांतून मिळतात. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्यावी, कारण त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न कालवता वेगळ्या वाटीत ठेवावा. अंडं बंद असताना चुन्याची गरज कमी असते. लागेल तेवढा ती आपणच टिपते.

उपाशी ठेवून पिसं लवकर झडवायची, म्हणजे अंडी लवकर सुरू होतात, असाही सल्ला दिला जातो. तो क्रूर आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव जिवाला पुरेसं अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे.

आता थंडीचं. अंडी थांबण्यात थंडीपेक्षा उजेडाचा हात मोठा असतो. पक्ष्याच्या मेंदूला उजेड डोळ्यांवाचूनही, कवटीतून आरपार जाऊन कळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी 1930 च्या दशकात बदकांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. दिवस आखूड झाला की मेंदूचा इशारा मंदावतो आणि अंडाशय विश्रांती घेतं. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो. पुण्यात जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये तोच डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. म्हणून तिकडचे उपाय इथे जसेच्या तसे उचलू नयेत. उष्णता देणारा मोठा दिवा तर इथे नकोच. पेंढ्याला आग लागण्याचं भय तेवढं वाढतं.

एक छोटा पिवळा एलईडी दिवा पुरतो, पण तो नवी पिसं भरून आल्यावर लावायचा, तोवर कोंबडीला विश्रांती द्यायची. संध्याकाळऐवजी पहाटे लावावा, कारण रात्री दिवा एकदम मालवला की कोंबड्या अंधारात चाचपडतात आणि बसायच्या दांडीवर चढू शकत नाहीत. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्यावा. डिसेंबरात पहाटे 4 ला लागला की सूर्यास्तापर्यंत 14 तास होतात, तेवढे बस. रात्रभर दिवा ठेवला तर अंडी वाढत नाहीत, झोप मात्र मोडते. चार महिन्यांच्या आतल्या तलंगांना तर हा जादा उजेड देऊच नये. अंग तयार होण्याआधी त्या अंड्यावर येतात आणि बारीक अंडी देतात.

गावठी कोंबडीचं गणित निराळं. ती वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने, आणि मध्ये खुडूक होते. पिसं शाबूत, फुगून खुराड्यात ठाण, जवळ गेलं की चोच मारते, अशी कोंबडी पिसं टाकत नसते, तिला उबवायला बसायचं असतं. अंडी नि जागा असेल तर बसवावी, 21 दिवसांत पिल्लं निघतात. बसवायची नसेल तर दाणापाणी ठेवून तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवावी. नाकात पीस खुपसण्याची जुनी रीत सोडून द्यावी.

राहिला म्हातारपणाचा आरोप. पिसं बदलून आलेल्या कोंबडीची अंडी पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी भरतात, पण आकाराने मोठी असतात. तेव्हा यंदा बोडकी झालेली कोंबडी लगेच विकू नका. दोन-तीन महिने सुकट-पेंड घाला, रात्री वारा लागणार नाही असा आडोसा करा आणि तुऱ्यावर नजर ठेवा. तुरा पुन्हा भरून लालभडक झाला, की अंडं लांब नसतं.