पहिली रायफल

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. मग निपाणी-बेळगावच्या मुलांनाही रायफल हवीशी वाटल्यास नवल नाही. परंतु खरेदीची घाई नको, असे आम्हांस वाटते.

आरंभ ४.५ मिलिमीटर छर्‍याच्या हवेच्या रायफलीने करावा. १० मीटरांवरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो किमतीने नव्हे, स्थिर देहाने व संथ श्वासाने साधतो. म्हणून दस्ता खांद्याशी नीट बसावा, गाल टेकताच नजर माशीशी जुळावी, वजन पेलावे. प्रथम शिक्षकांच्या देखरेखीखाली संस्थेची रायफल वापरावी; मगच वडिलांजवळ पैशांचा विषय काढावा. रिकामी रायफलही कोणावर रोखू नये, हा मात्र पहिला धडा होय.