मीठफुटीतलं मीठ कोणतं?

ओळख अनोळखी पदार्थांची : भाग ६

एप्रिल-मे महिन्यात पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या रानांत एखाद्या पट्टीवर पांढरा थर आलेला दिसतो. तिथला ऊस खुरटलेला, मधे मधे नांग्या पडलेल्या. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मीठ फुटलंय.’ पण कोणतं मीठ? सोडियम क्लोराइड, सोडियम सल्फेट, सोडियम कार्बोनेट, जिप्सम, सगळे पांढरेच. डोळ्यांना त्यातला फरक कळत नाही, आणि जमीन सुधारायचा खर्च तर त्या फरकावरच ठरतो.

हे क्षार वर येतात ते पाण्याबरोबर. काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा कमी. त्यात उसाला पाटाने भरभरून पाणी दिलं की जमिनीखालची पातळी वर चढते. उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही तक्रार आजची नाही. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० सालीच अभ्यास प्रसिद्ध केला होता.

आता परीक्षा. थराचा पापुद्रा चमच्याने खरवडून घ्यायचा आणि पाण्यात ढवळायचा. पाणी मात्र बॅटरीत घालतात ते डिस्टिल्डच हवं. नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच, मग पुढची परीक्षा मातीची होण्याऐवजी बोअरची होते. मिश्रण गाळणकागदातून गाळायचं. चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली माती इथेच आपला स्वभाव दाखवते. तिचे कण इतके सुटे आणि बारीक झालेले असतात की गाळण ठिबकत बसतं, आणि उतरलेलं पाणी कधी कधी तपकिरी असतं. अल्कधर्मी पाण्यात मातीतलं सेंद्रिय द्रव्य विरघळून आलेलं असतं, त्याचा तो रंग.

पहिला मोह होतो तो आम्लाचा. मातीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, फसफसलं, म्हणजे कार्बोनेट आहे. इथवर बरोबर. पण त्यावरून ‘जमीन चोपण’ असा निकाल देणारे भेटतात, आणि तिथे गफलत होते. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आणि पूड असतेच. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तीही तशीच फसफसते, तिचाही वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो. आम्लाला कार्बोनेट कळतं, ते कॅल्शियमचं की सोडियमचं हे कळत नाही. तेव्हा प्रश्न मातीला नव्हे, गाळलेल्या पाण्याला विचारायचा. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते गाळणकागदावर मागे राहतं. सोडियम कार्बोनेट विरघळून खाली उतरतं.

त्या पाण्यासाठी सांगलीकरांना दर्शक शोधायला लांब जायला नको. हळदपूड स्पिरिटमध्ये भिजवायची, त्या पिवळ्या अर्कात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या. (सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अर्थातच या कामासाठी नव्हे!) हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो, हे कुंकू करणाऱ्यांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. गाळलेल्या पाण्यात पट्टी लालसर तपकिरी झाली तर पाणी अल्कधर्मी. हळद जरा उतावळी आहे, बायकार्बोनेटलाही रंग बदलू शकते. म्हणून फिनॉल्फथॅलिनचा एक थेंब टाकून खात्री करायची. ठळक गुलाबी रंग आला तर सोडियम कार्बोनेटचा संशय पक्का.

उरलेल्या दोन परीक्षा बारावीच्या प्रयोगशाळेतल्याच आहेत, त्या शिक्षकांच्या देखत कराव्यात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात आणि सिल्व्हर नायट्रेटचे बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत. गाळलेल्या पाण्यात आधी विरल नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा अवक्षेप आला आणि तो अमोनियात विरघळला, तर क्लोराइड. आम्ल आधी कशाला? ते कार्बोनेटचा काटा काढतं, नाहीतर कार्बोनेटही चांदीबरोबर अवक्षेप देतं. घाईत नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक घातलं, तर क्लोराइड आपणच घातलेलं असतं. सल्फेटसाठी मात्र हायड्रोक्लोरिकच घालायचं, मग बेरियम क्लोराइड. आम्लात न विरघळणारा पांढरा अवक्षेप म्हणजे सल्फेट. प्रत्येक वेळी शेजारच्या परीक्षानळीत नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊन तीच रसायनं घालावीत. ती नळीही गढूळ झाली, तर दोष मातीचा नाही.

नुसतं क्लोराइड आणि सल्फेट सापडलं आणि सामू ८.५ च्या आत असला, तर जमीन क्षारयुक्त. तिथे चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट द्यायची. जिप्सम ओतून पैसे घालवायचे नाहीत. सामू ८.५ च्या वर आणि कार्बोनेट हजर, तर चोपण. तिथे जिप्समचं काम आहे: त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघून जातं.

खरी अडचण दोन्ही गुण एकत्र असलेल्या क्षारयुक्त-चोपण जमिनीची. तिच्यात परीक्षानळी भरपूर क्षार दाखवते, सामू फारसा चढलेला नसतो, आणि माणूस निर्धास्तपणे पाणी सोडून क्षार धुऊन काढतो. क्षार जातात, कणांना धरून बसलेलं सोडियम राहतं, आणि जमीन आधीपेक्षा घट्ट, पक्की चोपण होते. हे चिकटलेलं सोडियम आपल्या गाळलेल्या पाण्यात पुरतं उतरतच नाही. त्याचं मोजमाप माती परीक्षण प्रयोगशाळेतच होतं. तिथे नमुना देताना वरचा पांढरा पापुद्रा बाजूला करून खालची मातीही स्वतंत्र पिशवीत द्यावी.

पुढच्या आठवड्यात महाबळेश्वर-पाचगणीचा तांबडा जांभा, आणि त्यातलं लोह ओळखण्याची रीत.