बांधायचं की बदलायचं?

दोन-तीन क्विंटलचं इंजिन नावेतून वर काढायचं तर चेनपुली लागते. चेनपुली टांगायला तीन बल्ल्यांची तिपाई लागते. आणि तिपाईचे पाय रोवायला घट्ट जमीन लागते. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या नर्मदाकाठी, घोडं अडतं ते या जमिनीपाशी. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, आणि पाणी उतरू शकतं ते ११०.६४ मीटरपर्यंत. म्हणजे उभ्या मापाने २८ मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा फरक. पावसाळा सरताना नाव डोंगराच्या कुशीत, एखाद्या झाडाला बांधलेली असते. मे महिन्यात तीच नाव पार खाली असते आणि मधल्या उतारावर गाळ. तिथे ना पक्का धक्का, ना नाव ओढून घ्यायला बांधलेली उतरण. ‘जुनं झालंय, बदलून टाका की इंजिन’ हे शहरात बसून सांगायला सोपं आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती जेमतेम ५४ किलोमीटर. धरणाच्या पाण्याने या पट्ट्यातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यांतलं पहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. ज्या पाड्यांवर पूर्वी पायवाटेने जाता येत असे, तिथे आता पाण्यावरूनच जावं लागतं. शाळेचे गुरुजी, रेशनचं धान्य, बाजाराला निघालेली माणसं, लसीचा डबा, अडलेली बाळंतीण, सगळे नावेतच. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना याच पाण्यातला. इथे नाव म्हणजे एसटी आणि इंजिन म्हणजे तिचं काळीज. फरक इतकाच, की एसटी बंद पडली तर खाली उतरून धक्का मारता येतो.

या नावांत बसवलेली इंजिनं मुळात नावेसाठी घडलेली असतीलच असं नाही. देशभरातल्या नद्यांवर शेतातल्या पाण्याच्या पंपाची डिझेल इंजिनं नावेवर चढली आहेत. बंगालमध्ये तर अशा नावेचं नावच तिच्या आवाजावरून ‘भटभटी’ पडलं. कोकणात मासेमारीच्या बोटींना ट्रकच्या घराण्यातली, लेलँडसारखी इंजिनं असतात; पाण्यावर चालावीत म्हणून त्यांना वेगळा गिअरबॉक्स आणि थंड ठेवण्याची वेगळी व्यवस्था जोडलेली. याला जुगाड म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. पंपाचं इंजिन तासन्‌तास एका गतीने चालावं म्हणूनच बनवलेलं असतं आणि नावेला नेमकं तेच हवं असतं. शिवाय ते ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला उघडता येतं. हा गुण मी अश्वशक्तीच्या वर ठेवतो.

आता मूळ प्रश्न. इंजिन म्हातारं झालंय हे ओळखायचं कशावरून? वयावरून नाही. वीस वर्षांचं इंजिन रोज चालत असेल, ऑइल वेळेवर बदललं जात असेल, तर ते ठणठणीत असू शकतं. उलट पाच वर्षांचं, पण वर्षातले आठ महिने ताडपत्रीखाली पडून असलेलं इंजिन आतून गंजतं, त्याच्या रिंगा पिस्टनला चिकटून बसतात. सरकारी कामाच्या बोटींना हा धोका जास्त, कारण कधी चालकाची जागा रिकामी, कधी डिझेलचं बिल अडकलेलं. चालण्याने झिजतात त्याहून जास्त इंजिनं उभं राहून मरतात.

डॉक्टर जीभ बघतो तशी आधी ऑइलची पट्टी बघायची. ऑइल काळं असलं तर घाबरायचं कारण नाही, डिझेल इंजिनात ते काळं होतंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरतंय. गॅस्केट गेलं असेल किंवा हेडला तडा. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग चालत्या इंजिनाची ऑइल भरायची टोपी सैल करून तळहात धरायचा. हलकी फुंकर ठीक. पण भात्यासारखे दणके बसत असतील आणि सोबत धूर असेल, तर सिलिंडरमधला दाब रिंगांना न जुमानता खाली येतोय. इंजिनाने ‘दम सोडला’ म्हणतात तो हा.

धुराचंही तसंच. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ निघाला तर चालतं. इंजिन तापल्यावरही निघत राहिला तर नोझल किंवा पाणी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, आणि इथे घाई करू नये. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नोझल खराब असेल, पाण्यातल्या पंख्याला जाळं किंवा वेल गुंडाळलेली असेल, किंवा नावेत माणसं जास्त असतील. काळ्या धुरापायी इंजिन बदलायला निघालेल्याने आधी इंजिन बंद करून, पाण्यात हात घालून पंखा चाचपावा.

या तपासण्यांतून बहुतेक वेळा निघतं ते एवढंच, की इंजिन ‘बांधून’ घेतलं तर चालेल. लायनर-पिस्टनचा संच, नव्या रिंगा आणि बेअरिंगं, गरज पडली तर क्रँकला ग्राइंडिंग, पंप-नोझलचं कॅलिब्रेशन. बांधणीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवं घ्या, असा एक ठोकताळा बाजारात आहे. नर्मदाकाठी तो अपुरा पडतो. बांधणी असो वा बदल, इंजिन नावेतून उतरवून, उतार चढवून, जीपमध्ये घालून तळोदा-शहाद्याकडे न्यायचं म्हणजे मजुरी, भाडं आणि तितके दिवस नाव बंद. दोन वर्षांत पुन्हा हीच वरात काढावी लागणार असेल, तर स्वस्त बांधणी महागात जाते.

डिझेलच्या बचतीचा हिशेब तासांवर ठरतो. समजा जुनं इंजिन नव्यापेक्षा तासाला एक लिटर जास्त पितं. नाव वर्षाला १,००० तास चालत असेल, तर ९० रुपये लिटरने ९०,००० रुपये पाण्यात जातात. दोन-चार वर्षांत नवं इंजिन स्वतःची किंमत बऱ्यापैकी फेडतं. हीच नाव २०० तासच चालत असेल, तर नुकसान १८,००० रुपयांचं. तेवढ्यासाठी मासेमाराने कर्ज काढू नये.

मोठ्या इंजिनाचा मोह मात्र सगळ्यांनाच पडतो. दहा अश्वशक्तीची नाव हळू जाते, म्हणून वीसचं बसवू. पाणी हे ऐकत नाही. पाणी कापत जाणारी जड नाव चालताना स्वतःच्या लांबीएवढी लाट उठवते आणि त्या लाटेच्या खोबणीत अडकते. पाण्यातली लांबी ३० फूट असेल, तर अशा नावेचा वेग ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास थबकतो. त्यापुढे दुप्पट डिझेल जाळून मिळते ती मोठी लाट आणि काठावरच्या बायकांच्या शिव्या. सपाट बुडाच्या, हलक्या फायबरच्या बोटी वेगात पाण्यावर उचलल्या जातात, त्यांना हा नियम लागू नाही. पण त्यांच्यातही औषधांची खोकी, स्ट्रेचर आणि आठ माणसं बसली की उचलणं संपतं.

फायबरच्या बोटींना मागे टांगलेलं, पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन असतं. त्याचा एक मोठा फायदा आहे. बॅकवॉटरखाली बुडालेल्या झाडांची खोडं अजून उभी असतात. आउटबोर्ड चटकन वर उचलता येतं, बुडातून गेलेला पंख्याचा दांडा उचलता येत नाही. तोटा असा, की सुटे भाग मुंबईसारख्या बंदरातून मागवावे लागतात आणि जवळच्या मोलगीच्या गॅरेजात त्या इंजिनाची ओळख नसते. मग एका छोट्या पंपापायी बोट महिनाभर झाकून ठेवावी लागते.

समुद्रावरच्या बोटीतून काढलेलं जुनं इंजिन स्वस्तात मिळतं, त्यापासून जपून. नर्मदेचं पाणी गोडं, त्यामुळे इथल्या इंजिनाला मिठाने खाल्लेलं नसतं. इथला त्रास गाळाचा, पावसाळ्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी तुंबते आणि इंजिन तापतं. बंदरातलं इंजिन बाहेरून रंग मारून चकाचक असतं आणि आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने पोखरलेल्या असतात. आपलं दहा वर्षांचं गोड्या पाण्यातलं इंजिन त्यापेक्षा बरं.

सौर बोटीचं काय, असंही हल्ली विचारलं जातं. केरळच्या जलवाहतूक खात्याची ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट जानेवारी २०१७ पासून वैकोम आणि तवणक्कडवू यांच्यामध्ये फेऱ्या मारते आणि तिने डिझेलचा खर्च जवळपास पुसून टाकला. पण ती छोटी, ठरलेली, दिवसाची फेरी आहे. पाड्यावरून मध्यरात्री निरोप येतो आणि किती लांब जावं लागेल हे ठाऊक नसतं, अशा बोटीला मी आज तरी डिझेलच देईन.

मग कोणती नाव बदलायची आणि कोणती बांधायची? माझी कसोटी साधी आहे: भर पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुढे काय? २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे अलिगट आणि दादर या पाड्यांवरच्या बाळांसाठी आणि गरोदर बायांसाठी मासेमाराची छोटी नाव स्वतः वल्हवत जात होत्या, हे बऱ्याच वाचकांना आठवत असेल. त्यांची नाव कुणी तारली नाही, त्यांच्या खांद्यांनी तारली. ज्या नावेला वल्ह्याने काठ गाठता येतो, तिचं इंजिन बंद पडलं तर दिवस बुडतो. ज्या जड बोटीत सलाइन लावलेला पेशंट आहे, तिला वल्ह्याने हलवता येत नाही. म्हणून मासेमाराच्या नावेचं इंजिन दम सोडेपर्यंत बांधत राहावं. पेशंट आणि प्रवासी नेणाऱ्या बोटीचं मात्र ते कुरकुरायला लागण्याआधीच बदलावं, आणि जागा असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान इंजिनं बसवावीत. दोन्हींना डिझेलची टाकी आणि फिल्टर वेगवेगळे. टाकी एकच ठेवली तर तिच्यातला कचरा दोन्ही इंजिनांना एकदमच बंद पाडतो.

त्याआधी बूड बघा. इंजिनाखालच्या लाकडात टोच्या खुपसून बघा. ऑइल आणि पाणी मुरून ते भुसभुशीत झालं असेल, तर नवं इंजिन वर्षात हादऱ्याने ते सैल करील. आणि जानेवारी २०१९ ची संक्रांत आठवा. धडगाव तालुक्यातल्या भुषा गावाजवळ माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली आणि जीव गेले. तिथे कुठलंही नवं इंजिन कामाला आलं नसतं. पैसे थोडे असतील तर आधी बूड, मग जाकिटं, मग इंजिन.

नवं इंजिन बसवल्यावर नाव पाण्यात असताना दांड्याची सरळ रेषा पुन्हा तपासा. काठावर जुळवलेली रेषा नाव पाण्यात गेल्यावर बदलते, कारण बूड थोडं वाकतं. पूर्ण रेस दिली तर इंजिन कंपनीने लिहिलेल्या फेऱ्या गाठतं का, बघा. गाठत नसेल तर पंखा जड आहे. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली नोंदलेली बोट असेल, तर हा बदल कागदावरही चढवून घ्या. आणि चाचणी रिकाम्या पाण्यात, रिकाम्या बोटीने. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या एका बोटीची इंजिन चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जण गेले.

हे सगळं ठरवायला लागणारी एक गोष्ट नाव चालवणाऱ्याच्या डोक्यात असते आणि कागदावर सहसा नसते: महिन्याला किती तास, किती डिझेल, वरून किती ऑइल ओतावं लागलं. तीन रकाने. दोन महिन्यांत ऑइलचा आकडा दुप्पट झाला, तर इंजिनाने स्वतःच उत्तर दिलं. ही वही तुमच्या बोटीवर नसेल, तर नव्या इंजिनाचं कोटेशन मागवण्याआधी बाजारातून एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन आणा.