तोंड दाबून बुक्क्यांचा मार

'जोडीदाराची मारहाण' म्हटलं की दारू पिऊन आलेला नवरा आणि कोपऱ्यात रडणारी बायकोच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण जोडीतले दोघंही मुलगेच असतील तर?

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० साली एक पाहणी केली. जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचं २६ टक्के गे आणि ३७ टक्के बायसेक्शुअल पुरुषांनी सांगितलं. (बायसेक्शुअल पुरुषाची जोडीदार स्त्रीही असू शकते.) इतर पुरुषांत हे प्रमाण २९ टक्के होतं. म्हणजे गे असणं हे काही मारहाणीचं कारण नव्हे. मला फरक दिसतो तो तोंड दाबण्यात.

पहिला हात मर्दानगीचा. 'बांगड्या भर' हे आपण सगळेच ऐकत मोठे झालो. ज्याला गे म्हणून हिणवलं जातं, त्याला आपण 'मर्द' आहोत हे जास्तच सिद्ध करावंसं वाटू शकतं. मग तो राग जोडीदारावर निघतो. मार खाणारा सांगायला गेलाच, तर मित्र म्हणणार, "तू पण पोरगाच ना? दे ठेवून एक!"

दुसरा हात बदनामीचा. 'तुझ्या घरी फोन करून सांगेन' ही धमकी थपडेपेक्षा भारी पडते. हॉस्टेलची आणि मेसची फी घरून येते, हे मारणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. त्यात रोज टोमणे ऐकून 'आपल्या नशिबी हेच' असं वाटू लागतं. इलन मायर या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये या सततच्या ताणाची नीट मांडणी केली आहे.

आता कायदा. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन सज्ञान पुरुषांचा संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही. तेव्हा तक्रार केली तर आपणच आत जाऊ, ही भीती सोडा. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त स्त्रियांना संरक्षण देतो, हे खरं. पण मारहाण आणि धमकावून पैसे उकळणं हे कुणाच्याही बाबतीत गुन्हेच आहेत. मोठी उणीव वेगळीच आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सज्ञान पुरुषावरच्या बलात्कारासाठी कलमच नाही. कॉलेजपुरतं बोलायचं तर यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत, मुलांचाही लैंगिक छळ होऊ शकतो हे मान्य केलेलं आहे.

मग आपण काय करायचं? रूममेटच्या अंगावर वळ दिसले तर 'कुणी मारलं?' एवढंच विचारा. तो सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय पुढे नेऊ नका. घरी तर नाहीच. रेक्टर सरांनाही विनंती, आधी जखम बघा, 'प्रकरण' नंतर. बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्टही आहे.

बुक्क्या थांबवणं दरवेळी आपल्या हातात नसेल. पण तोंडावरचा हात काढणं नक्कीच आहे, कारण त्यातला एक हात आपलाच असतो.