उसाचे अंतर : मैलांचे आणि तासांचे



गटवार बैठकांतून आम्हा शेतकी खात्याच्या लोकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "माझा ऊस कारखान्यापासून ५ किलोमीटरवर, त्याचा ३५ किलोमीटरवर. मग दोघांना दर सारखाच का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेतीच्या भूगोलात आहे, म्हणून या अंकात तोच विषय घेतला आहे.

कोणते पीक कुठे घ्यावे हे जमीन, पाणी आणि हवामान ठरविते, हे आपण जाणतोच. पण चौथी गोष्ट आहे ती अंतर. जर्मनीत योहान फॉन थ्यूनन नावाचा एक शेतकरी होऊन गेला. स्वतःच्या शेतीचा पै-पैचा हिशोब ठेवून त्याने १८२६ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मांडले ते असे : सगळीकडे सारखी जमीन असली आणि मध्ये एकच बाजाराचे शहर असले, तरी पिके सारखी राहणार नाहीत. शहराच्या अगदी जवळ दूध आणि भाजीपाला, कारण तो नासतो. त्याच्या पलीकडे सरपणाचे जंगल, कारण लाकूड जड आणि वाहतूक महाग. मग धान्य, आणि सर्वांत दूर जनावरे, कारण ती आपल्या पायांनी बाजारात येतात. म्हणजे काय, तर बाजारापासून जमीन जितकी लांब, तितके तिचे उत्पन्न वाहतूक खाते.

आता ऊस यात कुठे बसतो ते बघा. ऊस लाकडासारखा जड आहे आणि दुधासारखा नासणाराही आहे. एक टन उसातून साखर निघते साधारण १०० ते ११५ किलो. बाकीचे चिपाड, मळी, प्रेसमड आणि पाणी. एवढे वजन लांब नेणे कोणालाच परवडत नाही. कापसाचे तसे नाही. सरकी काढून गाठ बांधली की तिचे वजन सुतातही बरेचसे टिकते आणि गाठ वाटेत नासत नाही. म्हणून विदर्भ-खानदेशचा कापूस मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जाऊ शकला. उसाचा कारखाना मात्र उसाकडेच यावा लागतो. आपल्या आजा-पणजांनी गुऱ्हाळ मळ्यातच का घातले, त्याचे कारण हेच. साखर किंवा गूळ एकदा तयार झाला की तो हलका, टिकाऊ. मग खुशाल देशभर जाऊ द्या.

सहकाराने या हिशोबात एक मोठा बदल केला. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या वाटेनेच आपले कारखाने आले. थ्यूननच्या हिशोबात लांबच्या शेतकऱ्याने वाहतुकीचा भार एकट्याने सोसायचा असतो. आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च सरासरीने सर्वांच्या उसाला लागतो. म्हणून माळावरचा लांबचा सभासदही उसाच्या धंद्यात टिकला. जवळच्या सभासदाने थोडी झळ सोसली, त्या बदल्यात गाळपाला पुरेसा ऊस मिळाला आणि कारखाना सर्वांचा झाला. वरच्या प्रश्नाचे हे उत्तर. मात्र कार्यक्षेत्राबाहेरून लांबचा ऊस आणला की ही सरासरी वाढते, हेही ध्यानात असावे.

पैशाचे अंतर असे वाटून घेता येते, पण तासांचे अंतर वाटून घेता येत नाही. ऊस तोडला तरी तो लगेच मरत नाही, त्याचा श्वास चालूच असतो. त्यात पाणी उडते आणि वजन घटते. आतल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. त्यांचा दाणा धरत नाही, ते मळीत जातात आणि आणखी साखर मळीत ओढतात. तोडलेल्या टोकांतून जंतू शिरतात, रस चिकट होतो आणि साखर उशिरा बसते. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सारे झपाट्याने होते. जळालेल्या उसाची साल तडकलेली असते, त्यामुळे तो त्याहून लवकर बिघडतो. तेव्हा ३५ किलोमीटरवरून त्याच दिवशी आलेला ऊस गव्हाणीला जवळचा, आणि ५ किलोमीटरवर दोन दिवस फडात पडलेला ऊस लांबचा!

याची किंमत किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे ०.१ टक्का उतारा टनाला ३४ रुपये ६० पैसे. १०० टन घालणाऱ्या सभासदाचे ३,४६० रुपये. पाच लाख टन गाळप धरले तर १ कोटी ७३ लाख! आणि हा उतारा एकेकट्याचा नव्हे, कारखान्याच्या सरासरीचा. एकाचा शिळा ऊस सर्वांचा दर खाली ओढतो.

तेव्हा आपल्या हातात आहे ते करू या :

१) लागणीची तारीख खरी नोंदवा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा यांचा तोडणी कार्यक्रम पक्वतेवर आखला जातो. तारीख मागे दाखवून पाळी पुढे ओढली की कोवळा ऊस गाळपास येतो आणि शेजारचा पक्व ऊस वाळत उभा राहतो.

२) तोडचिठ्ठी आणि वाहन नक्की झाल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे सूत्र धरा.

३) वाहन अडकलेच तर मोळ्या सावलीत ठेवा, नाहीतर पाचटाने झाका.

४) ऊस जमिनीलगत तोडून घ्या, बुडख्यात साखर जास्त. वाढे, पाचट आणि माती मोळीत येऊ देऊ नका.

५) तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटवू नका. पाचट जमिनीचे खाद्य आहे.

६) पाणंद रस्ता हंगामापूर्वी गावकीने दुरुस्त करून घ्या. चिखलात रुतलेली ट्रॉली डांबरी रस्त्यावरच्या २० किलोमीटरपेक्षा जास्त वेळ खाते.

जबाबदारी एकट्या सभासदाची नाही. गाळप बंद पडले तर गट ऑफिसला तातडीने निरोप देऊन फडातली तोड थांबविणे आणि केनयार्डात आधी आलेली गाडी आधी रिकामी करणे, हे आमचे काम. त्यात हयगय दिसली तर गट ऑफिसात लेखी तक्रार जरूर द्या, आणि तक्रारीत ऊस तोडल्याची वेळ अवश्य लिहा.

— ऊस विकास अधिकारी